गोफणीतला धोंडा आणि घाटातले वळण



या सदरात मी एरवी जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डातली नावे यांविषयी लिहितो. दिवसभर कचेरीत तेच कागद हाताखालून जातात, त्यामुळे तेवढे तरी बिनचूक सांगता येते. आजचा विषय मात्र माझ्या अधिकारातला नाही, हे आधीच कबूल करतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हातात धरले नव्हते. ते धरायला लावले आमच्या रविवारच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलीने.

ही मुलगी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत मराठीतून दहावी झाली, चांगले गुण मिळाले, म्हणून जव्हारला अकरावी शास्त्र शाखेत नाव घातले. आपल्याकडे शास्त्र शाखा म्हटली की अकरावीपासून सारे इंग्रजीतून. दहा वर्षे ज्या भाषेत विचार केला ती भाषा जून महिन्यात एका दिवसात काढून घ्यायची आणि वर म्हणायचे, या मुलांना विज्ञान झेपत नाही! पण ते असो. गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास ती एक अर्ज लिहून घेऊन आली. म्हणाली, "सर, हा अर्ज तपासून द्या. मी आर्ट्‌सला बदलून घेते."

कारण विचारले तेव्हा तिने चाचणीचा पेपर पुढे केला. पंचवीसपैकी चार. धडा फेकलेल्या वस्तूच्या गतीचा. सूत्र तिने मंत्रासारखे म्हणून दाखवले : यू स्क्वेअर साइन टू थीटा अपॉन जी. "पाठ आहे सर. पण दगड हातातून सुटला, मग त्याला पुढे कोण ढकलतं, तेच मला कळत नाही. वर्गात विचारलं तर पोरं हसली."

मी मनात म्हटले, यात हसण्यासारखे काय? आणि लगेच ध्यानात आले की उत्तर मलाही येत नाही. "हाताचा जोर त्यात शिल्लक असतो, तो संपला की दगड पडतो," असे मी सांगून टाकले असते. अर्ज टेबलाच्या खणात ठेवला आणि तिला म्हटले, "मला दोन आठवडे दे."

नववी-दहावीची विज्ञानाची मराठी पुस्तके आणली आणि रात्री जेवणानंतर वाचायला बसलो. तेव्हा कळले की "हाताचा जोर शिल्लक असतो" ही माझी समजूत फार जुनी आहे आणि मोठमोठ्या विद्वानांची हीच समजूत कित्येक शतके होती. तोफेचा गोळा आधी सरळ जातो, त्याच्यातला जोर सरला की खाली पडतो, असे युरोपातले पंडितही मानत. 1537 साली इटलीतल्या तार्ताग्लिया नावाच्या गणितज्ञाने सांगितले की 45 अंशांच्या कोनात तोफ ठेवली तर गोळा सर्वांत लांब जातो. पण गोळ्याची वाट नेमकी कशी असते, हे सिद्ध केले गॅलिलिओने. त्याचे ते पुस्तक 1638 साली प्रसिद्ध झाले.

त्याचे म्हणणे असे. दगड हातातून सुटल्यावर त्याला पुढे कोणीही ढकलत नाही. ढकलण्याची गरजच नसते. जी वस्तू चालू आहे ती चालूच राहते. तिला थांबवायला, वळवायला किंवा तिचा वेग वाढवायला कोणीतरी लागते. यालाच पुस्तकात जडत्व म्हटले आहे. एस.टी.ने अचानक ब्रेक मारला की उभा प्रवासी पुढच्याच्या अंगावर जातो, त्याला कोणी धक्का दिलेला नसतो. गाडी थांबली, तो थांबला नाही, एवढेच. तसाच हा दगड. पुढे जाणे हे त्याचे चालूच आहे. त्याच्यावर जोर लावणारी गोष्ट एकच : पृथ्वी, आणि ती ओढते फक्त खाली. (हवेचा अडथळा असतोच, पण जड दगडाच्या बाबतीत तूर्त तो सोडून देऊ.)

हे वाचले आणि माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. ही तर दोन स्वतंत्र खाती! एक पुढे जाण्याचे, एक खाली पडण्याचे. एका खात्यातली रक्कम दुसऱ्यात जात नाही. दोन्हींत सामाईक रकाना एकच, तारखेचा. इथे तारीख म्हणजे वेळ.

पुढच्या रविवारी मी फळ्यावर दोन खाती मांडली. कड्यावरून एक दगड आडवा फेकला, सेकंदाला 40 फूट वेगाने. पुढे जाण्याच्या खात्यात जमा : पहिल्या सेकंदाअखेर 40 फूट, दुसऱ्याअखेर 80, तिसऱ्याअखेर 120. दर सेकंदाला ठरलेली रक्कम, पगारासारखी. खाली पडण्याचे खाते मात्र सावकाराच्या व्याजासारखे फुगते : पहिल्या सेकंदाअखेर 16 फूट, दुसऱ्याअखेर 64, तिसऱ्याअखेर 144. सोळाला सेकंदांच्या वर्गाने गुणायचे. मुलीने ठिपके काढून जोडले आणि फळ्यावर वाकडी, डौलदार रेघ उमटली. पुस्तकात हिला अन्वस्त म्हणतात. ती म्हणाली, "हे तर दाभोशाचं पाणी." खरेच, जव्हारजवळचा दाभोसा धबधबा भर पावसात पाहिला की पाणी आधी कड्यापासून पुढे झेपावते आणि मग वाकत जाते. सुमारे 300 फुटांचा तो धबधबा. तेवढ्या उंचीवरून सोडलेल्या दगडाला, हवेचा अडथळा सोडला तर, सव्वाचार सेकंदांहून थोडेसे अधिक लागतात. आडवा फेकला तरी तेवढेच लागतात, कारण खाली पडण्याच्या खात्याला पुढच्या खात्याचा पत्ताच नसतो.

हे शेवटचे वाक्य कोणाला पटत नाही. माझ्या सौभाग्यवतींनाही पटले नाही. त्यांच्यासाठी आणि आपणांसाठी घरचा प्रयोग : टेबलाच्या काठावर फूटपट्टी अशी ठेवा की तिचे एक टोक बाहेर राहील. त्या बाहेरच्या टोकावर एक रुपयाचे नाणे ठेवा. दुसरे नाणे टेबलावरच, पट्टीला लागून, अगदी काठाशी. आता पट्टीला आडवा झटका द्या. टेबलावरचे नाणे दूर उडेल, पट्टीवरचे जागच्या जागी खाली पडेल. डोळे मिटून आवाज ऐका. दोन्ही नाणी एकदमच वाजतात. आमच्या घरी हा प्रयोग त्या रात्री इतक्या वेळा झाला की शेजारच्या काकू, पैसे सांडले का, म्हणून विचारायला आल्या.

पण खरा धडा पुढे होता, आणि तो शिकवला तिच्या आजोबांनी. पाड्यावर नागली पोटरीला आली होती आणि पाखरांचे थवे उतरत होते. हल्ली पोरांच्या खिशात गलोल असते, पण म्हाताऱ्यांनी गोफण सोडलेली नाही. अंबाडीच्या दोन दोऱ्या, मध्ये विणलेली पट्टी, तिच्यात धोंडा. एका दोरीचा फास बोटात अडकवायचा, दुसरीचे टोक चिमटीत धरायचे. डोक्यावर गरगर फिरवून चिमूट सोडली की धोंडा सुटतो.

मी नातीला विचारले, "धोंडा समोर जायचा असेल तर चिमूट कधी सोडायची?" ती म्हणाली, "धोंडा समोर आला की." आजोबा हसले, बोलले काही नाहीत, गोफण तिच्या हातात दिली. धोंड्याऐवजी चिखलाचा गोळा घातला, हे बरे केले. तिने तो समोर येताच सोडला आणि तो सरळ डावीकडे जाऊन गोठ्याच्या कुडावर फुटला. दुसराही तिकडेच. मग आजोबांनी गोफण घेतली. ते फिरवत होते उजवीकडून पुढे, पुढून डावीकडे. सोडली तेव्हा गोळा उजव्या हाताला होता, आणि गेला तो थेट समोर, नागलीवरच्या थव्यात.

"हे तुम्हाला कोणी शिकवलं, आबा?" मी विचारले.

"हाताला कळतं, भाऊ."

आता पुस्तक काय म्हणते ते पाहू. गोल फिरणारी वस्तू प्रत्येक क्षणी सरळच जाऊ पाहत असते. तिला वळवते ती दोरी, आणि दोरी ओढते आत, मध्याकडे. या ओढीला अभिकेंद्री बल असे नाव आहे. दोरी सुटली की ओढ संपली, आणि वस्तू त्या क्षणी ज्या दिशेला तोंड करून होती त्याच सरळ रेषेत निघून जाते. भूमितीत या रेषेला स्पर्शिका म्हणतात. गोळा उजवीकडे असताना त्याची चाल पुढच्या दिशेला असते. समोर असताना डावीकडे. म्हणून गोठ्याचा कूड! धोंडा मध्यापासून थेट बाहेर फेकला जातो, असे आपण म्हणतो ते चूक. बाहेर ढकलणारे कोणी नसते. आत ओढणारे सुटते, एवढेच. दहावीच्या मराठी पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्याच धड्यात दोरीला दगड बांधून फिरवण्याची कृती दिलेली आहे. तिने ती दहावीत वाचली होती, परीक्षेत लिहिलीही होती. पण दारातल्या गोफणीशी तिचा संबंध आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मलाही नव्हते.

मग आम्ही हिशेबाला बसलो. हात आणि दोरी मिळून एक मीटर धरा. सेकंदाला दोन फेरे, तर धोंड्याचा वेग सेकंदाला साडेबारा मीटर. शंभर ग्रॅमचा धोंडा असला तर तो बोटाला ओढतो 1.6 किलो वजन टांगल्यासारखा. सेकंदाला तीन फेरे केले तर वेग दीडपट, पण ओढ दीडपट होत नाही. ती होते सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन किलोंच्या वर. आणि 45 अंशांत सुटला तर तो जातो किती लांब? दोन फेऱ्यांना सुमारे 16 मीटर, तीन फेऱ्यांना सुमारे 36. पुन्हा सव्वादोन पट. मुलगी थांबली. वही उलटीपालटी करून म्हणाली, "सर, यू स्क्वेअर! दोन्हीकडे वेगाचा वर्ग आहे." वेग दुप्पट तर पल्ला चौपट, वेग दुप्पट तर ओढ चौपट. पाठ केलेल्या सूत्रातला तो बारीक दोन पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

त्याच संध्याकाळी तिने विचारले, की मग चंद्राची दोरी कोणती? हा प्रश्न 1687 साली न्यूटनने आपल्या ग्रंथात सोडवला आहे. चंद्राची दोरी म्हणजे पृथ्वीची ओढ, जी धोंड्याला खाली पाडते तीच. धोंडा पहिल्या सेकंदात 16 फूट, म्हणजे पाच मीटर पडतो. पृथ्वी गोल असल्याने आठ किलोमीटर सरळ गेले की जमीनही साधारण पाच मीटर खाली वळलेली असते. म्हणजे सेकंदाला आठ किलोमीटर वेगाने, हवेच्या वर जाऊन, धोंडा आडवा फेकता आला, तर तो पडत राहील पण जमिनीला कधी लागणार नाही. फिरत राहील. 19 एप्रिल 1975 रोजी अवकाशात गेलेला आपला 'आर्यभट' असाच फिरत होता. पाड्यापाड्यावर आता टी.व्ही.च्या ज्या छत्र्या आहेत त्या दक्षिणेच्या बाजूला तोंड करून असतात, कारण त्यांचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 36 हजार किलोमीटरवर, पृथ्वीबरोबर 24 तासांत एक फेरी करतात. आजोबांना हे सांगितले. त्यांनी छत्रीकडे पाहिले आणि म्हणाले, "फिरवणारा भारी असेल."

वाचकहो, इथवर गंमत झाली. आता जे सांगायचे आहे त्यासाठी एवढे सारे लिहिले.

जव्हार साडेचारशे मीटर उंचीवर. तिथून कोठेही जायचे म्हणजे वळणे आली. मोखाड्याहून त्र्यंबकला जाताना तोरंगण घाट आहे. एस.टी. चुकली की माणूस जीपमध्ये बसतो, जीप भरली की मागच्या फळीवर उभा राहतो, एका हाताने वरची कांब धरून. मीही कितीदा उभा राहिलो आहे. तेव्हा वाटायचे, वळणावर गाडी आपल्याला बाहेर फेकते. आता कळते की गाडी काहीच फेकत नाही. गाडी वळते, आपण सरळ चाललेलो असतो. आपल्याला आत ओढून वळवते ती आपली मूठ. मूठ म्हणजे गोफणीची दोरी. ती सुटली तर माणूस सरळ जाणार, आणि घाटात वळणाच्या सरळ रेषेत बहुधा दरी असते.

मुठीवर ओढ किती येते? घाटातले एक आखूड वळण घेऊ, वीस मीटर त्रिज्येचे. ताशी 20 किलोमीटर वेगाने जीप गेली, तर साठ किलोच्या माणसाला आत ओढायला साडेनऊ किलो वजनाइतका जोर लागतो. पायाखालची फळी आणि मूठ मिळून तो सहज पेलतात. वेग 40 झाला तर? साधा माणूस म्हणेल दुप्पट, एकोणीस किलो. नाही. चौपट! अडतीस किलो. एका हातात, पावसात, खांद्याला पिशवी.

गाडीचेही तेच. तिला दोरी नाही. तिला आत ओढते ती टायर आणि रस्ता यांच्यातली घर्षणाची पकड. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड गाडीच्या वजनाच्या साधारण 70 टक्क्यांपर्यंत मिळते, ओल्या रस्त्यावर ती बरीच उतरते, गुळगुळीत टायर किंवा वर खडी-माती असेल तर आणखी. त्या वळणावर 20 च्या वेगाला लागते 16 टक्के. चाळीसला लागते 63. म्हणजे उन्हाळ्यात जेमतेम निभावले ते आषाढात निभावेलच असे नाही. आणि वेग वळणात शिरण्याआधी कमी करायचा असतो. वळणात शिरल्यावर ब्रेक मारला तर तीच थोडकी पकड ब्रेकही वापरतो आणि वळण्यासाठी काही उरत नाही. एकाच पगारात दोन घरे चालवण्यासारखे ते आहे.

माल भरलेल्या टेम्पोची गोष्ट आणखी वेगळी. तो घसरण्याआधी उलटू शकतो. वजन जितके उंच, तितक्या कमी वेगात बाहेरच्या चाकांवर तो कलतो. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, हे आपणांस ठाऊक आहे. टेम्पोत खाली बाजली, हंडे, वर दाण्याची पोती, त्याच्याही वर बायका आणि पोरे. मुलीचे आई-वडील असेच जातात. तिने वहीतले वळण वडिलांना दाखवले. ते म्हणाले, "वीस वर्षं जातोय आम्ही. तू काय सांगतेस?" तिने वाद घातला नाही. एक रिकामी काड्यापेटी उभी केली, एक आडवी ठेवली, आणि दोन्ही ज्या पुठ्ठ्यावर होत्या तो हळूहळू कलता केला. उभी आधी पडली. वडिलांनी पुन्हा करायला लावले. मग स्वतः केले.

निघायच्या पहाटे मी तिथे होतो. कुटुंबप्रमुख म्हणून त्यांनी सगळी पोती उतरवून तळाला लावली, बाजली वर बांधली, पोरांना केबिनच्या पाठीला टेकवून फळीवर बसवले. अर्धा तास गेला. ड्रायव्हर कुरकुरत होता. मुलीने त्याला सोळा आणि त्रेसष्ट टक्क्यांचा हिशेब सांगितला तेव्हा तो म्हणाला, "ताई, टक्के बँकेत चालतात, घाटात नाही." तरी पहिले वळण त्याने सावकाश घेतले. आम्ही दोघे वरून पाहत होतो. दुसरे झाडीआड होते, ते दिसले नाही. दुपारी भिवंडीहून फोन आला, पोहोचलो म्हणून.

दुसऱ्या चाचणीत तिला पंचवीसपैकी तेरा मिळाले. इंग्रजीचे अडते अजून. तो आर्ट्‌सचा अर्ज माझ्या खणातच आहे, तिने परत मागितलेला नाही. सध्या ती बारावीचे पुस्तक चाळते आहे. त्यात वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच का ठेवतात, याचा हिशेब आहे. येत्या रविवारी ओळंबा आणि लाकडी पट्टी घेऊन घाटातली दोन वळणे मोजायची, असे ठरले आहे. आजोबाही येतो म्हणाले आहेत.